हाडातलं चालू बांधकाम

मराठीत हाडाला फार मान आहे. मुरलेल्या शिक्षकाला आपण 'हाडाचा शिक्षक' म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वैर 'हाडवैर' होतं. एखादी सवय सुटता सुटत नसेल, तर ती 'हाडीमाशी खिळली' असं घरातली मोठी माणसं म्हणतात. वज्रासारखं अभेद्य शस्त्र करायचं ठरलं तेव्हा देवांनासुद्धा दधीची ऋषींकडे त्यांच्या अस्थीच मागाव्या लागल्या. या सगळ्यांत हाड म्हणजे पक्कं, कायमचं, न बदलणारं.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सांगाड्यानं हा समज आणखी घट्ट केला. पिवळट, कोरडा, तारांनी बांधलेला तो सांगाडा पाहून वाटायचं, शरीरात बाकी सगळं जिवंत आहे आणि आतमध्ये ही एक खुंटी ठोकून ठेवलेली आहे. खरं तर तो सांगाडा म्हणजे राहणारी माणसं सोडून गेलेलं घर. जिवंत हाड ओलसर असतं, त्यात रक्त खेळत असतं, आणि तुम्ही हे वाचत असताना तुमच्या हाडांत लाखो ठिकाणी तोडफोड आणि बांधकाम एकाच वेळी चालू आहे. आपण मात्र ते मोडेपर्यंत त्याची विचारपूस करत नाही.

मी डॉक्टर नाही. बीई करून गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीच्या आधीच संपला होता. तो पुन्हा का जोडला गेला, ते पुढे येईलच. आधी हाड आतून कसं असतं ते पाहू.

सळई आणि सिमेंट

हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे हे अतिसूक्ष्म स्फटिक. उरलेल्या भागात थोडं पाणी आणि बहुतांशी कोलॅजन नावाचं प्रथिन. आपल्याकडे स्लॅब टाकतात तसाच हा प्रकार आहे. कोलॅजनचे धागे म्हणजे सळया आणि खनिज म्हणजे सिमेंट. नुसत्या सळया वाकतील, नुसतं सिमेंट तडकेल. दोन्ही मिळून भार पेलतात.

हे घरी करून पाहता येतं. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि व्हिनेगर अधूनमधून बदला. काही दिवसांत आम्लात खनिज विरघळून जातं आणि हाड रबरासारखं वाकायला लागतं. आकार तोच, पण सिमेंट गेलेलं. उलट, हाड कडक भाजलं तर कोलॅजन जळून जातं आणि उरतं ते खडूसारखं ठिसूळ काहीतरी. मुलांना सुट्टीत करून दाखवण्यासारखा हा प्रयोग आहे. (शाकाहारी घरांनी मुलांना कोंबडी खाणाऱ्या मित्राकडे पाठवावं!)

या कोलॅजनच्या धाग्याची रचना उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजन म्हणजे तीन साखळ्यांचा एकमेकींभोवती वळलेला पीळ आहे असं मांडलं. त्यासाठी लागणारा चांगला नमुना जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून मिळाला. तो होता कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचा. त्या मांडणीत पुढे सुधारणा झाल्या, पण तिहेरी पिळाची मूळ कल्पना टिकली. आपली आई तीन पेडांची वेणी घालते, तिच्याहून फारसं वेगळं नाही हे!

भिंगाखाली दिसणारं गाव

१६९१ साली क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज डॉक्टरानं हाडांवर एक पुस्तक लिहिलं. घट्ट, दगडासारख्या दिसणाऱ्या हाडातही लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या बारीक नळ्या आहेत, हे त्यानं त्यात वर्णन केलं. या नळ्या मज्जेतलं तेल हाडभर पोचवण्यासाठी असाव्यात असं त्याला वाटलं होतं. त्या मुख्यतः रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांच्या वाटा आहेत हे नंतर कळलं. आजही त्यांना हॅव्हर्सच्या नलिका म्हणतात.

मांडीच्या हाडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्तुळांत वर्तुळं दिसतात. मधोमध नलिका आणि तिच्याभोवती हाडाचे थर. अशा एका गटाला ऑस्टिऑन म्हणतात. त्याची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी असते. गंमत म्हणजे प्रत्येक थरात कोलॅजनचे धागे शेजारच्या थरापेक्षा वेगळ्या दिशेनं गेलेले असतात. प्लायवूडमध्ये एका आड एक थर आडवा-उभा घालतात ना, तसंच. त्यामुळे कुठे बारीक चीर गेलीच, तर ती सरळ आरपार जात नाही. थरांच्या सांध्यांशी अडखळते, वळते, थांबते.

हाडाचे दोन प्रकार इथे लक्षात ठेवायला हवेत. बाहेरचं कवच घट्ट हाडाचं असतं, आणि मणके, मनगट, मांडीच्या हाडाचं वरचं टोक अशा ठिकाणी आतमध्ये जाळीदार हाड असतं. ही जाळी हलकी असते, पण तिचा पृष्ठभाग प्रचंड. तोडफोड आणि बांधकाम पृष्ठभागावरच चालत असल्यामुळे जाळीदार हाड लवकर बदलतं. चांगलं बदलतं तसं वाईटही तिथेच आधी बदलतं.

आता त्या वर्तुळांच्या थरांमध्ये पाहा. काळे ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलीशी खोली आणि जिवंतपणी त्या खोलीत एक पेशी राहत असते. तिचं नाव ऑस्टिओसाइट. खोलीतून डझनावारी बोळ निघतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद. त्या बोळांतून ही पेशी आपले हात लांब करून शेजारणींच्या हातात देते. एका माणसाच्या सांगाड्यात अशा सुमारे ४२ अब्ज पेशी असाव्यात असा अंदाज आहे. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, म्हणजे जवळपास निम्मा आकडा! ज्याला आपण खुंटी समजत होतो, त्याच्या आत एवढं मोठं जोडलेलं गाव आहे.

तोडणारे, बांधणारे आणि लक्ष ठेवणारे

या गावात मुख्यतः तीन प्रकारचे रहिवासी.

पहिले तोडणारे, ऑस्टिओक्लास्ट. हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या भाऊबंदांपैकी. अनेक पेशी एकत्र येऊन एक मोठी, अनेक केंद्रकं असलेली पेशी तयार होते. ती हाडाला जळूसारखी चिकटते, कडेनं सील लावते आणि आतल्या बंद जागेत आम्ल सोडते. व्हिनेगरनं जे केलं तेच हे आम्ल करतं. खनिज विरघळलं की उघड्या पडलेल्या कोलॅजनचा फडशा पाडायला खास विकरं सोडली जातात.

दुसरे बांधणारे, ऑस्टिओब्लास्ट. तोडलेल्या खड्ड्यात ओळीनं बसून ते आधी कोलॅजनचा सांगाडा विणतात. त्यात खनिज नंतर भरतं. काम संपल्यावर त्यांतले बरेच मरून जातात, काही पृष्ठभागावर चपटे होऊन पहारा देतात, आणि काही स्वतःच बांधलेल्या भिंतीत चिणले जातात. हे चिणले गेलेले बांधकामवालेच पुढे ऑस्टिओसाइट होतात. ते तिथे वर्षानुवर्षं, कधी दशकांपर्यंत, राहून हाडावर लक्ष ठेवतात. हा तिसरा प्रकार.

हे बांधकाम किती वेगानं चालतं, हे मोजण्याची युक्ती मला फार आवडली. टेट्रासायक्लिन हे जुनं प्रतिजैविक नव्यानं तयार होणाऱ्या हाडात अडकून बसतं आणि अतिनील प्रकाशात चमकतं. रुग्णाला काही दिवसांच्या अंतरानं ते दोनदा द्यायचं आणि मग हाडाचा बारीक तुकडा तपासायचा. दोन चमकत्या रेघा दिसतात. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तेवढ्या दिवसांत बांधलेलं हाड.

एका ठिकाणची तोडफोड दोन-तीन आठवड्यांत उरकते. तोच खड्डा भरायला मात्र तीन-चार महिने लागतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे चालू सिस्टिम एक मिनिटही बंद न करता तिचे भाग बदलणं ही मोठी कसरत समजली जाते. हाडं हे काम आपण जिना चढत असताना, झोपेत, लग्नात नाचताना करत असतात.

एवढा खटाटोप कशाला? एक कारण म्हणजे रोजच्या वापरानं पडणाऱ्या बारीक चिरा. त्या वेळच्या वेळी खणून काढल्या नाहीत, तर मोठ्या होतील. दुसरं कारण कॅल्शियम. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींत. पण हृदयाचा ठोका आणि स्नायूंचं आकुंचन त्या एक टक्क्यावर चालतं. ताटातून कॅल्शियम कमी आलं, तर शरीर हृदयाला थांबायला सांगू शकत नाही. ते हाडाची तिजोरी उघडतं. तिजोरी रिकामी होत असल्याचं आपल्याला कळतही नाही, कारण ती दुखत नाही.

हाडाला वजन कळतं

१८६६च्या सुमाराची झुरिकमधली गोष्ट. हेर्मान फॉन मायर हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवत होते. वरच्या टोकाच्या जाळीत काही ठरावीक कमानी दिसत होत्या. तिथे कार्ल कुलमान हे पूल आणि रचनांच्या गणिताचे अभियंते होते. वाकलेल्या क्रेनवर भार टाकला की ताण आणि दाब कोणत्या रेषांनी वाहतात, याच्या आकृत्या ते काढत असत. हाडातल्या कमानी त्याच रेषांशी जुळत होत्या! पुढे बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली पुस्तक लिहून नियम मांडला, की हाडावर जसा भार येतो तशी त्याची रचना बदलत जाते.

आज याचे पुरावे कितीतरी आहेत. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आणि मजबूत असतं. उलट, अंतराळात वजनच नसल्यामुळे अंतराळवीरांच्या कमरेच्या भागातल्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटत असे. म्हणून अंतराळ स्थानकात त्यांना रोज यंत्रावर जोर काढावे लागतात.

हा भार ओळखतं कोण? त्या चिणलेल्या ऑस्टिओसाइट पेशी. आपण पाऊल टाकलं की हाड अगदी किंचित वाकतं, त्या बोळांमधला द्रव इकडून तिकडे सरकतो आणि पेशीच्या हातांना ते जाणवतं. मग निरोप जातात.

त्यांतला एक निरोप कसा सापडला, ती कथा दक्षिण आफ्रिकेत पोचते. तिथल्या डच वंशाच्या काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक दुर्मीळ आजार होता. त्यांची हाडं कमालीची दाट होत. ऐकायला वरदान वाटेल, पण कवटीचं हाड वाढत जाऊन मज्जातंतूंवर दाब येई. चेहरा लुळा पडे, ऐकू येईनासं होई. २००१ साली या आजारामागचं जनुक सापडलं. त्या जनुकापासून बनणारं स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन ऑस्टिओसाइट सोडतात आणि ते बांधकामाला ब्रेक लावतं. या कुटुंबांत ब्रेकच नव्हता. आपण हालचाल केली, हाडावर भार आला, की ऑस्टिओसाइट हा ब्रेक सैल करतात. नुसतं बसून राहिलं की ब्रेक दाबलेलाच. हाच ब्रेक सोडवणारं एक औषध २०१९मध्ये अमेरिकेत आणि जपानमध्ये मंजूर झालं.

दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणाऱ्या माझ्यासारख्यासाठी हा परिच्छेद वाचणं फार सुखाचं नव्हतं.

हिशेब बिघडतो तेव्हा

वयाच्या तिशीपर्यंत बांधणं तोडण्यापेक्षा थोडं पुढे असतं किंवा बरोबरीनं चालतं. हाडाची बहुतेक भरती तर विशीच्या आसपासच झालेली असते. पुढे खड्डा पूर्वीएवढाच खणला जातो, पण भरताना तो किंचित उणा राहतो. दर फेरीत थोडं थोडं कमी.

बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यावर हा हिशेब एकदम बिघडतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तोडणाऱ्या पेशींना आवरून धरत असतं. ते कमी झालं की या पेशी जास्त संख्येनं तयार होतात आणि जास्त दिवस जगतात. तोडायला आठवडे आणि बांधायला महिने, हे प्रमाण आठवा. खड्डे सगळीकडे एकदम पडले, तर गवंडी पुरे पडत नाहीत. जाळीदार हाडातली एखादी काडी खणता खणता पार तुटली, तर ती परत जोडणं अवघड. कारण नवं हाड जुन्याच्या पृष्ठभागावर बसतं आणि तुटलेल्या जागी पृष्ठभागच उरलेला नसतो. अशी पोखरलेली जाळी म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

माझी आजी तीन वर्षांपूर्वी बडोद्याच्या घरात, देवघरातून स्वयंपाकघरात जाताना पडली. उंचावरून नाही, पाय घसरून नाही. चालता चालता, उभ्या उंचीवरून. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. क्ष-किरण चित्र दाखवत डॉक्टर म्हणाले, "पडल्यामुळे मोडलं असं आपण म्हणतो. पण हे हाड गेली वीस वर्षं मोडत होतं." चैत्रातल्या हळदीकुंकवाला सगळी गल्ली गोळा करणारी, पुरणपोळ्या लाटताना कोणाला हात लावू न देणारी आजी त्या दिवसानंतर वॉकरवर आली आणि दीड वर्षात गेली. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचांतलं एक वर्षभरात दगावतं, हे मी नंतर वाचलं. अंथरुणाला खिळणं, न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, अशी ती साखळी असते.

आजी गेल्यावर माझ्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. आईचं वय एकसष्ट. म्हणजे डॉक्टरांनी म्हटलेल्या त्या वीस वर्षांतली काही वर्षं तिच्यासाठी आधीच सुरू झाली असणार.

डेक्सा नावाच्या तपासणीत क्ष-किरणांच्या अगदी कमी मात्रेनं कमरेची आणि मणक्यांची घनता मोजतात. दुखत नाही, पंधरा-वीस मिनिटांत होते. निकाल तरुण निरोगी माणसाशी तुलना करून येतो. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली, उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. आईचा आकडा उणे दोनाच्या थोडा पुढे आला. "मला काही होत नाहीये, मग कशाला?" असं म्हणणारी आई आता डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम घड्याळ लावून करते. तिच्या बाबतीत वेळ हातात होती. आजीच्या बाबतीत विचारायला हवं हेच घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

आपल्या हातात काय

हे वाचणाऱ्यांत पंधरा ते पस्तीस वयाचे बरेच जण असतील. तुमची तिजोरी अजून भरते आहे किंवा नुकतीच भरून झाली आहे. तेव्हा काही साध्या गोष्टी.

हाडाला धक्का आणि वजन हवं. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडाला त्यांचा फारसा भार जाणवत नाही. जिने चढणं, दोरीवरच्या उड्या, धावणं, वजन उचलणं यांतून हाडाला निरोप पोचतो. आपल्या खेळांत हे सगळं आहेच. लंगडी, खो-खो, मंगळागौरीच्या रात्रीची फुगडी आणि झिम्मा. आम्हां बडोदेकरांना तर नऊ रात्रींचा गरबाही आहे. फक्त उरलेल्या साडेतीनशे दिवसांचं काय, ते ठरवायला हवं. आणि हाड पोखरलं गेलेल्या आजीनं उड्या मारायच्या नाहीत. तिचा व्यायाम डॉक्टरांनीच ठरवायचा.

ताटाचा हिशेब असा. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. मोठ्या पेलाभर दुधातून ३००च्या आसपास मिळतं, तेवढ्याच दह्यातूनही साधारण तितकंच. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात ३४०हून जास्त. गुजरातेत आणि माळव्यात आलेल्या आपल्या घरांतून नाचणी हळूहळू बाळाच्या सत्त्वापुरती उरली; तिला भाकरीत आणि आंबिलीत परत आणायला हरकत नाही. तीळही आहेतच, संक्रांतीपुरते कशाला ठेवायचे?

पण कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीवर ऊन पडल्यानं तयार होतं. भर उन्हाच्या देशात राहून गाडी, ऑफिस, फ्लॅट असं आपलं आयुष्य सावलीतच जातं. रक्ततपासणीत कमतरता निघाली, तर गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. शेजाऱ्यांच्या गोळीवर भागवू नये, कारण ते जास्त झालं तरी त्रास होतो. धूम्रपान आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय लांबवलेली स्टेरॉइड्स हाडांचे शत्रू आहेत, हेही सांगून ठेवतो.

जाता जाता पुन्हा त्या 'हाडाच्या शिक्षका'कडे. मला तो शब्द आता पूर्वीपेक्षा जास्त पटतो. हाड टिकतं ते न बदलल्यामुळे नाही. रोज थोडं मोडून, रोज थोडं बांधून टिकतं. चांगला शिक्षकही तसाच असतो. महाराष्ट्राबाहेर पाच-सहा पिढ्या मराठी जपणारी आपली घरंही बहुधा तशीच.

बऱ्याच घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. या रविवारी तिथे आईला आणि आजीलाही उभं करा, खूण करा आणि तारीख लिहा. तरुणपणापेक्षा उंची तीन-चार सेंटिमीटरनं कमी झाली असेल, तर मणके दबत असल्याची शक्यता असते आणि डॉक्टरांना भेटायला ते पुरेसं कारण आहे. मुलांची खूण वर सरकताना आपण कौतुकानं बघतोच. आईची खूण खाली तर सरकत नाही ना, तेही बघत जाऊ.